चाळीस अक्षरांची चौकट

अर्जातला पहिलाच रकाना: पदवीचं नाव.
चाळीस अक्षरं. मोकळ्या जागाही धरून.
"बहुतेक जण इथेच अडतात," मार्लिस म्हणते
आणि आपले ओले हातमोजे
खिडकीखालच्या हीटरवर पालथे घालते.

बाहेर डुलुथमधला फेब्रुवारी.
याला सरोवर म्हणतात, पण पलीकडचा काठ
मी अजून पाहिलेला नाही.

दोन वर्षांत तीनदा विषय बदलले.
रसायनात नापास.
ध्वनिशास्त्रात पहिली, ते कुणाला फारसं सांगितलं नाही.
मंगळवारी संध्याकाळी ओजिब्वे भाषेचा वर्ग,
तिथे व्हर्नाबाईंनी सहज विचारलं,
तुमच्यात बर्फाला काय म्हणतात?
मी म्हटलं, बर्फ.
आणि?
आणि काही नाही. तोही शब्द फारसीतून उसना आणलेला.
आमच्याकडे बर्फ भुश्यात घोळवून
गोणपाटात बांधून सायकलवरून येतो,
घरी पोचेपर्यंत अर्धा.
वर्गात हसले सगळे. बाई हसल्या नाहीत,
त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मग ती रात्र. हॅल्वर्सन सरांनी
गिरमिटानं बर्फाला भोक पाडलं, पाण्यात माइक सोडला,
हेडफोन माझ्या टोपीवरून चढवले.
आधी नुसता स्वतःच्या रक्ताचा आवाज.
नंतर दूर कुठेतरी मैलभर लांबीची तार
कुणीतरी एकदाच छेडली
आणि पायाखालून निघून गेली.
माझे गुडघे आपोआप वाकले.
सर म्हणाले, बघितलंस? मी म्हटलं, हो.
चूक कुणीच दुरुस्त केली नाही.

इचलकरंजीला फोन लावला.
नानांच्या मागे माग चालू, खटक् खटक्,
त्यामुळे आम्ही दोघंही ओरडूनच बोलतो.
"कशातली म्हणालीस पदवी?"
"थोडं पाणी, थोडा आवाज, थोडी भाषा. मीच आखायची!"
"मास्तर कोण मग?"
"तिघं आहेत. तेही मीच शोधायचे!"
बराच वेळ नुसते माग.
"एक ना धड, भाराभर चिंध्या," नाना म्हणाले,
"आणि बर्फ ऐकून पोट भरतं का गं?"

चिंध्या त्यांच्याच खिशात असतात.
किलोनं आणतात, मशीन पुसायला.
आयटीआयचा कागदसुद्धा नाही या माणसाकडे.
पण लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर टेकवून
मूठ कानामागच्या हाडाला लावतात, डोळे मिटतात,
बारा मागांच्या कल्लोळात
एकाच बेअरिंगचं कुरकुरणं वेचून काढतात.
"पुलीकडचं. दोन दिवस काढेल."
दोन दिवसच काढायचं.
मी सात वर्षांची असेन. मूठ माझ्या कानाला लावून
त्यांनी विचारलं होतं, काय म्हणतंय?
मी म्हटलं होतं, ते चिडलंय.
ते म्हणाले होते, बरोबर, पण कुठल्या बाजूनं?

समितीपुढे हे सांगावं की नाही, ठरत नव्हतं.
"कार्यपद्धती" नावाचा रकाना आहे, दोनशे शब्दांचा.
मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं:
टोक एकीकडे टेकवायचं, कान दुसरीकडे.
मार्लिसनं चष्मा कपाळावर सारला.
"याला संदर्भ?"
"वडील."
"प्रकाशित?"
"नाही."
तिनं तळटिपेची जागा रिकामी ठेवली, पण ओळ खोडली नाही.

पदवीचं नाव अजून व्हायचंय.
"जलध्वनिभाषा" औषधाच्या बाटलीसारखं वाटतं.
"श्रवणविद्या" म्हटलं की कीर्तनाला बसल्यासारखं.
नुसतं "ऐकणे" लिहिलं
तर उरलेला चौकोन पांढराच,
रात्री या खिडकीतून सरोवर दिसतं तसा.

आज पहाटे नानांकडून एक निरोप आला.
शब्द नाहीत. चौदा सेकंदांची घरघर.
खाली एका बोटानं टाइप केलेलं:
कुठलं गेलंय सांग.

मी हेडफोन लावले.
तिसऱ्यांदा ऐकतेय.