जिन्याखालचं कपाट

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
मला नोकरीसोबत एक कपाट मिळालं,
जिन्याखालचं, किल्ली नसलेलं.
आत सर्व्हर. पंख्याच्या पात्यांवर गुलाबी लव,
कारण मागे महिनाभर गुलाबी माल चालू होता.
आणि प्रत्येक वायरीला चिंधी बांधून
तेलुगूत काहीतरी लिहिलेलं.

हे अंबादास गज्जम यांनी उभं केलं.
आधी मागावर होते, मग बिलं, मग संगणक.
वायर तुटली तर विणकराची गाठ मारायचे, म्हणतात.
मार्चमध्ये गेले. पासवर्ड घेऊन गेले.

चिंध्या वाचायला मी शिवणखात्यातून रमक्काला बोलावलं.
"ही हिशोबाची," ती म्हणाली, "ही शेठची.
ही... हिला हात लावू नका म्हणतेय."
मी हात लावला.
शेठचा फोन बंद पडला.

मग कळलं, आमचा मेल सर्व्हर भला माणूस होता.
कुणीही यावं, कुणाच्याही नावानं पत्र द्यावं,
ओळख न विचारता तो पोचवून यायचा.
रात्रभर कुठली कुठली माणसं
आमच्या उंबऱ्यावरून लॉटऱ्या वाटत होती
आणि हॅम्बर्गच्या गिऱ्हाइकाला आमचं खरं कोटेशन
कचऱ्याच्या डब्यात सापडत होतं.

शेठ म्हणाले, माणशी पैसे भरू, मोठ्या कंपनीकडं देऊन टाकू.
पुतण्या म्हणाला, फुकटातलं बसवा की, यूट्यूबवर हाय सगळं.
मी पंधरा दिवस कुलपंच वाचत बसले.
कोण पत्र बंद लखोट्यात नेतो, कोण उघड्या कार्डावर,
कुणाचं भोक कधी सापडलं, किती दिवसांत बुजलं.
ज्याची चूक कधीच छापून आली नाही
त्याच्यावर माझा विश्वास बसेना.
बाहेर त्रेचाळीस. दुपारी वीज गेली की
यूपीएस टिटवीसारखा ओरडायचा.

शेवटी निवडला तो जुनाच एक, छोटा,
प्रत्येक काम वेगळ्या खोलीत करणारा.
पत्र घेणाऱ्याकडं पत्र वाटणाऱ्याची किल्ली नाही.
रमक्का म्हणाली, "आमच्यासारखंच की.
काठ शिवणारीला गिऱ्हाईक कुठं माहीत?"

जुन्याची आवराआवर करताना
गज्जम नावाचं खातं निघालं.
मार्चपासूनची एकाहत्तर पत्रं न उघडलेली,
त्याआधीची सगळी वाचलेली.
रोज रात्री दोन वाजता
सर्व्हरनं त्यांना एकच ओळ लिहिलेली:
सर्व ठिक आहे.
लॉटऱ्या वाटल्या त्या रात्रींनाही.

नव्यालाही मी ती ओळ शिकवली,
लिहिण्याआधी काय काय तपासायचं, तेवढं वाढवलं.
वेळ तीच, दोनची. पत्ता माझा.
मग ‘ठि’ दीर्घ करायला गेले
आणि कर्सर तिथंच लुकलुकत राहिला,
रमक्कानं जेवायला हाक मारेपर्यंत.