तळाचा नोव्हेंबर

बिमुर्झा काठी उलटी धरून बर्फात खुपसतो,
मान हलवतो. "इथं खण."
मी खणते, छातीइतकं.
पोलंडहून आलेले तिघं वर उभे,
चहा पीत, धारेकडे बघत.
धारेवरून बर्फाचा भुरका उडतोय, पूर्वेला.
म्हणजे रात्रभर वारा तिकडचं इकडे आणून टाकत होता,
नेमकं आम्हाला उतरायचं तिथंच.

भिंत तासते. हातमोजा काढून
बोटं वरून खाली नेते.
आधी मऊ, परवाचं.
मग दोन विती घट्ट, सुरीनं वडी पडेल असं. हे वाऱ्याचं.
मग काचेचा पापुद्रा: जानेवारीतला तो अवकाळी पाऊस,
मेस्तियातल्या लग्नात सगळे भिजले,
नवरी बूट हातात घेऊन नाचली.
आणि त्याखाली, पार तळाशी,
नोव्हेंबर.

नोव्हेंबर मुठीत राहत नाही.
तांदळाच्या कण्यांसारखा ओघळतो,
माझ्या बुटांवर कोरडा वाजतो.
तेव्हा बर्फ जेमतेम पडला होता, आभाळ निरभ्र,
आम्ही अंगणात उभं राहून म्हणालो होतो, काय चांदणं!
त्याच रात्रींनी त्याचा चिकटपणा काढून घेतला.
तेव्हापासून त्यानं कुणाला धरलेलं नाही.
बाकीचे सगळे त्याच्यावर बसलेत.

करवतीनं खांब सुटा करते, वर फावडं पालथं.
मनगटातून दहा टपल्या.
काही नाही.
आता कोपरातून. एक. दोन.
बिमुर्झा खांबाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघतोय.
तीन.
तेल दिलेला खण बाहेर यावा
तसा अख्खा वरचा भाग माझ्या मांडीवर येतो.

"लामारा, तू सांग," तो म्हणतो.
आजवर कधी म्हणाला नव्हता.

दाढीवाला बोट दाखवतो: काल कुणीतरी उतरलंय की!
खरंय. दोन माग, वेणीसारखे सुबक.
मी म्हणते, झाडीतून. खाली. एकेकानं, अंतर ठेवून.
तो सुट्टीचे दिवस मोजतो, विमानाचे पैसे मोजतो,
मोठ्यानं.
मग झाडीच्या तोंडाशी, अगदी सपाटीवर,
त्याच्या पायाखाली सगळं रान एकदम बोटभर खाली बसतं.
हुप्प.
एवढंच. पुढं गावापर्यंत तो बोलला नाही.

उतार त्या दिवशी सुटला नाही.
त्या आठवड्यातही नाही.
मी रोज खिडकीतून बघायचे,
खोटं कशाला सांगू, थोडी वाटही बघायचे.
एप्रिलमध्ये तो पाणी होऊन नदीला गेला,
काही न बोलता.

जूनमध्ये गाई वर नेताना
खड्ड्यात विसरलेला थर्मामीटर सापडला, गवतात.
बिमुर्झाला दिला.
त्यानं पुसला, मुठीत धरला.
काटा हळूहळू वर चढला.
"चालतोय," तो म्हणाला,
आणि खिशात टाकला.