बद्द

आठव्या दिवशी भट्टीचं तोंड फोडलं.
आत सात रांजण, माणसाहून उंच,
अजून ऊब धरून.
ओतियानं बोटं मुडपली
आणि एकेकाच्या पोटावर टकटक केली,
आत कोण राहतं ते ठाऊक असल्यासारखी.

पहिला खणखणीत. दुसरा. तिसरा.
चौथा माझा.
चौथा बद्द.

तडा कुठंच दिसेना. मी म्हटलं,
वारा असेल, मागं लाकडांचा ढीग आहे,
आणि तुमचा कानही आता सत्तरीचा.
त्यानं नुसतं फडकं ओलं केलं,
रांजण पुसत गेला खालून वर.
कंबरेच्या जरा वर
एक केसाएवढी रेघ
पाणी पिऊन काळी झाली.

मग बुडापासून विती घालत तो मोजू लागला:
हा थर द्राक्षांच्या छाटणीचा,
हा नानुलीच्या मुलाच्या बाप्तिस्म्याचा,
हा धुक्याचा आठवडा, काहीच वाळत नव्हतं.
"नववा. त्या दिवशी काय केलंस?"

काय केलं होतं?
कुताइसीहून भावाचा फोन आला होता.
फोन खांद्यानं कानाशी दाबून
मी आईच्या जमिनीवरून भांडत होतो
आणि दोन्ही हातांनी माती थापत होतो.
खालचा थर ओला होता, अंगठा रुतत होता.
चालेल, म्हटलं.
त्यालाही काहीतरी म्हटलं तसंच,
आणि फोन ठेवला.

वाटलं, ओतिया आता घण आणायला सांगेल.
तो मला घरामागं घेऊन गेला.
तिथं त्याचे अकरा.
एकात कोंबड्या अंडी घालतात,
एकात कुत्र्याचं बिऱ्हाड,
एकात माकवालाची तुळशीसारखी कसलीशी झाडं.
"याला लाकूड ओलं होतं.
याला मीच ओला होतो, दारूनं.
हा बायको दवाखान्यात असतानाचा,
जायला हवं होतं, इथं माती मळत बसलो."
दारापुढचा एक मात्र त्यानं नुसता थोपटला.
"हा अजून कळला नाही.
म्हणून जाता-येता दिसेल असा ठेवलाय."

रात्री माकवालानं खालून करपलेली मक्याची भाकरी
मुकाट्यानं माझ्या ताटात वाढली.
मी मुकाट्यानं खाल्ली.
मग अंगणात जाऊन भावाला फोन लावला.
वाजत राहिला. त्यानं उचलला नाही.
उद्या पुन्हा लावीन, असं काही मी ठरवलं नाही,
फक्त नंबर खोडला नाही.

सकाळी नव्या रांजणाचा दुसरा थर.
काठावर अंगठा ठेवला.
रुतला.
हात धुतले
आणि लाकडं फोडायला गेलो.