पाच अधिक दोन

शोरूम म्हणायचं, पण पत्र्याची शेडच ती,
स्विंडनच्या बाहेर, हमरस्त्याला लागून.
ओल्या डांबरावर तेवीस जुन्या गाड्या,
शाळेच्या फोटोतल्यासारख्या उंचीनुसार.
विकणारा ग्लिन पूर्वी गावातल्याच कारखान्यात
गाड्यांना दारं बसवायचा.
कारखाना गेला, कान उरला.
अजून दार लावतो आणि क्षणभर थांबून ऐकतो,
माठ घेताना टिचकी मारून ऐकतात
तसा.

श्रीरंगला डिकी मोठी हवी, डिझेल नको,
आणि गाडी लहानच हवी.
आमच्या गल्लीत दोन्ही अंगांना गाड्या,
मिसेस ऑक्लींच्या आरशाला अजून चिकटपट्टी आहे,
ती आमचीच कृपा.
तेव्हा बाहेरून आटोपशीर, आतून ऐसपैस.
(अशी अट आमच्यात सुनेला घालतात.)

ग्लिन म्हणतो, खोटं कशाला बोलू,
ही काही सात सीटर नव्हे. फाइव्ह प्लस टू.
म्हणजे सातच की, मी म्हणते.
तो मान हलवतो. बेरीज नाही करायची त्याची.
मागचे दोन आपले कधीमधी.

कधीमधी म्हणजे दर दुसरा शुक्रवार,
न्यूपोर्टहून येणारी साडेपाचची गाडी
आणि तिच्यातून उतरणारी सियान.
तेरा वर्षांची, यंदा एकाएकी ताडमाड,
नाक श्रीरंगचं, लाल केस तिच्या आईचे,
पाठीवर ट्रॉम्बोन.
वर्षभर ती बसतेय जुळ्यांच्या दोन खुर्च्यांमधल्या
वीतभर फटीत, खांदे मिटून,
मांडीवर निहारचा चिखलाचा बूट,
बाहीला रेवाचं चोखलेलं बिस्किट.
विचारलं की म्हणते, 'ठीक आहे.'
तिचं पहिलं मराठी. मीच शिकवलेलं.
शिकवायला नको होतं.

चंद्राचा नि सूर्याचा हिशेब जुळेना
म्हणून आमच्याकडे मध्येच एक महिना घालतात.
अधिक.
त्यात लग्न नाही, मुंज नाही,
जावयाला तेवढे तेहेतीस अनारसे.
मोजणीत असतो,
सणांत नसतो.

घरून आणलेल्या दोन्ही खुर्च्या मधल्या रांगेत बसवल्या
तेव्हा कळलं, आता ती रांग पुढे वाकत नाही.
मग मागे जायचं कुठून?
श्रीरंग ग्लिनकडे बघतो, ग्लिन डांबराकडे.
तोवर सियान डिकीतून आत शिरलेलीसुद्धा,
घडीच्या छत्रीसारखी,
गुडघे हनुवटीला.
आतून म्हणाली, इथे कुणीतरी नखानं मांजर काढलंय.

मांजर बघायला म्हणून मीही चढले.
एक्केचाळिसाव्या वर्षी, परकर-साडी नव्हती हे नशीब,
जीन्सचा गुडघा तेवढा तेलकट झाला.
मांजराला शेपट्या दोन. एक खोडायची राहिलेली.
ग्लिननं सवयीनं डिकी लावली.
थांबला. ऐकलं त्यानं.
चांगला आवाज असावा, कारण तो हसला.

आत एकदम शांत.
काचेपलीकडे श्रीरंगचे ओठ व्याजदर विचारत होते.
पुढची सीट इतकी लांब
की तिथे बसलेल्याला फोनच करावा लागेल.
रोज मी तिथे बसते. मान वळवून विचारते,
सगळे बरे ना मागे?
नि उत्तराआधीच मान सरळ करते.

'इथून बाबाचं टक्कल दिसेल,' सियान म्हणाली.
मी म्हटलं, मला तर ते समोरूनही दिसतं.
मग बराच वेळ ती मांजराच्या कानावरून नख फिरवत राहिली.
'रेवा मोठी झाली की ती येईल का इथे? मग मी मध्ये?'
आलटून पालटून, मी म्हटलं.
एक शुक्रवार तू, एक शुक्रवार मी.
ती बोटांवर काहीतरी मोजू लागली,
वर्षं असतील, किंवा शुक्रवार.

मग लक्षात आलं, हे दार आतून उघडतच नाही.
दोघी मिळून काच ठोठावू लागलो.
बाहेरून ग्लिननं अंगठा वर केला,
श्रीरंगनंही केला.
त्यांना वाटलं,
आवडली.