फुंकून घेतलेला

खोक्यातून काढला तेव्हा हातात वजनच जाणवलं नाही.
शाळेच्या वहीएवढा, ॲल्युमिनियमचा,
दोन नळ्या कानांसारख्या वर काढलेल्या.
येरमेक दुकानातून ओरडला होता,
"नवा आहे रे, नव्याला काय तपासतोस?"

गेल्या वर्षीचाही नवाच होता.
दोन दिवस खपून डॅशबोर्ड उपसला,
परत बसवला, तीन स्क्रू उरले,
ते मी खिशात घातले आणि कुणाला सांगितलं नाही.
मग तेमिरताऊच्या रस्त्यावर, उणे एकतीसमध्ये,
काचेला आतून धुकं धरलं,
गोडसर वास सुटला
आणि जाउरेशच्या बुटात हिरवं पाणी उतरलं.
चाळीस किलोमीटर ती स्कार्फने काच पुसत राहिली.
मला एक शब्दही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून आता दुधानं पोळलेला मी
रेडिएटरही फुंकून घेतो.

बाथटब भरलाय. दाराबाहेर सासूबाई
टॉवेल खांद्यावर टाकून उभ्या,
त्यांच्या खोकल्याचा अर्थ मला कळतो.
एका नळीत रबराचं बूच, वर क्लॅम्प,
दुसरीला सायकलचा पंप, त्यावर छोटा काटा.
काटा एकवर आणतो, आणि बुडवतो.

एकदम शेकडो बुडबुडे.
पोटात गोळा येतो.
पण ती पात्यांत अडकलेली हवा, नुसती बाहेरची.
टूथब्रशने झाडतो. ब्रश कुणाचा ते विचारू नका.

पाणी स्थिर होतं.
मेरुएर्त, सहा वर्षांची, जिच्या नावाचा अर्थ मोती,
टबच्या कडेला हनुवटी टेकून बसली आहे.
"आला!" ती म्हणते.
कोपऱ्यात एक. सातपर्यंत मोजतो. पुन्हा एक.
गळा सुकतो.
मग बोटाने चाचपतो तर तो माझ्याच क्लॅम्पपाशी.
दीड फेरी आवळतो.
त्यानंतर दहा मिनिटं काही नाही.
"संपले?" ती हिरमुसते.
संपले, म्हणतो मी,
आणि तिला वाईट वाटू नये म्हणून पाण्यात हात फडफडवतो.

रात्रभर तसाच ठेवला, हवा भरलेला, स्वयंपाकघरात.
सकाळी काटा केसभर खाली.
केसभरच. पण खालीच.
मी स्टुलावर बसून राहिलो.
खिडकीवर आतून बर्फाची नक्षी होती,
रात्री इमारतीची वाफ बंद पडलेली.
नऊला पाइप कुरकुरले, खोली ऊब धरू लागली,
चहा माझ्या हातात निवून गेला
आणि काटा, कुणी हात न लावता,
हळूच आपल्या जागी आला.

रविवारी बसवला. एकही स्क्रू उरला नाही.
किल्ली फिरवली, वाऱ्याला कसलाच वास नाही,
पायांशी आधी गार, मग कोमट, मग ऊन.
जाउरेशनं तळवे त्यापुढे धरले.
"तपासलास?"
"तपासला."
तिनं मान डोलावली,
स्कार्फची नीट घडी केली
आणि तरीही समोरच्या कप्प्यात ठेवली.