साठावा घोडा

कात्री जुनीच आहे, ब्लेड मात्र काल आणलं.
टेबलावर मेणकापड, त्यावर जाड पुठ्ठा,
बाहेर एर्झ डोंगरांवर चौथ्या दिवशीही धुकं.
चष्मा दोनदा पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

ग्रिटला शनिवारी पन्नास पूर्ण होतील.
दुकानात कार्डं मिळतात, केकची, फुग्यांची,
आत कुणीतरी आधीच छापून ठेवलेली माया.
मला घोडा उभा करायचाय.

लाकडात हे काम गोटहार्डचं होतं.
ओल्या स्प्रूसचं कडं लेथवर कातायचा,
बाहेरून बघावं तर नुसत्या खाचा नि फुगवटे,
कशाचा कशाला मेळ नाही.
मग पातं टेकवून वर हातोडी मारली
की फाकेफाकेतून घोडा, घोडा, घोडा,
सगळे एकाच पोटचे.
डोळे माझ्याकडे. खोगीर ग्रिटकडे.
आठ वर्षांची होती. जिभेचं टोक बाहेर काढून
लाल रंग लावायची, एकही ओघळ नाही.

साठ घोड्यांची पेटी. कारखान्याची गाडी दर गुरुवारी.
आमच्या घरात खेळणी मावत नव्हती
आणि खेळणं एकही नव्हतं.

एका गुरुवारी एकोणसाठ भरले.
पुन्हा मोजले. मग तिच्याकडे पाहिलं.
तिने न बोलता डावा मोजा उतरवला.
ओला रंग घोट्याला लागला होता,
लोकरीचे चार धागे खोगिराला.
मी धागे काढले, रंग सारखा केला,
घोडा पेटीत ठेवला, झाकण लावलं.
रागावले नाही.
रागावले असते तर निदान भांडण तरी झालं असतं.

हं, तर घडी.
मधली रेघ बोथट सुरीने ओढायची, कापायची नाही,
कागदाला नुसतं बजावून ठेवायचं.
घडीवर दोन चिरा, सारख्या लांबीच्या.
मधली पट्टी आतून पुढे ढकलली
की पायरी होते. पायरीला घोड्याचं पोट चिकटवायचं.

पहिला उघडताना फाटला.
दुसरा छान उभा राहिला, पण कार्ड मिटलं
की शेपूट बाहेर, उंदराची असावी तशी.
तिसऱ्याची शेपूट आखूड केली.
आता तो थोडा गाढवासारखा दिसतो.
दिसू दे. उघडलं की उठतो, मिटलं की निजतो,
मी वीस-पंचवीस वेळा तरी उठवला असेल,
कॉफी निवून गेली.

खोगीर रंगवताना हात थरथरला,
लाल ओघळ थेट पोटापर्यंत गेला.
तो तसाच ठेवलाय. तिच्या नजरेतून सुटायचा नाही.

लिहायला फार सुचलं नाही.
‘हा मोजणीतला नाही’, एवढंच,
आणि खाली जागा सोडून, आई.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट फटीतून घालून बघितलं.
अडकलं.
जाड आहे म्हणाल्या, पार्सलचा दर पडेल.
भरला.
आत काय, त्यांनी विचारलं, नियम म्हणून.

खेळणं, म्हटलं.