उजवीकडून

शाल्मलीचं पुस्तक मी उलट्या बाजूनं वाचलं.
शुक्रवार होता, फहाहीलमध्ये वाळूचं वादळ,
खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबलेले,
रिफायनरीची ज्योत त्या पिवळ्यात कुठेतरी बुडालेली,
आणि ही पोर तिसऱ्यांदा तेच जपानी चित्रांचं पुस्तक संपवून
तोंड धुवायला गेलेली.
म्हटलं, बघू तरी कशानं रडते.

पहिल्याच पानावर लिहिलं होतं : थांबा, हा शेवट आहे.
मला वाटलं, जाहिरात असेल.
बावीस वर्षं झाली या देशात.
दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, इकाम्याचे कागद,
सगळं उजवीकडून सुरू होतं हे ठाऊक आहे मला,
तरी हात डावीकडूनच उघडतो.

म्हणून मला आधी दिसले
म्हातारपणाला टेकलेले दोन पुरुष.
एकाला दिसत नाही.
दुसरा त्याला संत्रं सोलून देतोय,
फोड न् फोड, बिया काढून.
एकही शब्द नाही त्या पानावर.
फक्त साल, एकाच न तुटलेल्या रेघेत
खालच्या चौकटीपर्यंत उतरलेली.

मग मागे मागे जात
ते तरुण झाले, भांडले, अनोळखी झाले,
शाळेच्या गणवेशात शिरले,
आणि सोलणारा तोच हात
आंधळ्या मुलाचा बाक रोज वीतभर सरकवू लागला.
वीतभरच. रोज.
एक अख्खं पान काळं,
कोपऱ्यात बाक घासल्याचा आवाज, वाकड्या अक्षरांत.
मुलगा आपटतो, आणि बाकालाच म्हणतो, माफ करा.
वर्ग हसतो. चित्रकारानं नुसते दात काढलेत,
डोळे कुणालाच नाहीत.

माझ्या वाचनात असं झालं :
क्षमा आधी, गुन्हा नंतर,
आणि अगदी शेवटी, म्हणजे सुरुवातीला,
नवा मुलगा फळ्याजवळ उभा.
अजून कुणी काहीच केलेलं नाही.
त्या पानावर मी बराच वेळ बसून होतो.

संगमेश्वराच्या शाळेत भार्गव धुळपच्या आधी
त्याचं कॅलिपर वर्गात यायचं.
खट् टक्. खट् टक्.
टांगा म्हणायचो आम्ही त्याला.
सातवीत, नदीवर, तो पाण्यात बसलेला असताना
कुणीतरी ते कॅलिपर उचलून गवताच्या उडवीत खुपसलं.
कुणीतरी, असंच मी आजवर सांगत आलो.
तो हातांवर सरकत घरी गेला.
मधे चार शेतं होती, चारही कापलेली.
भाताचे खुंट कसे टोचतात
हे अनवाणी चालणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

भार्गवचं आता देवरुखला झेरॉक्सचं दुकान आहे.
नंबर मिळवायला एक दिवस लागला,
लावायला अकरा.
इथले साडेसात, तिथले दहा.
मागे मशीन चालू, कागद ओढल्याचा आवाज.
मी सांगितलं. नदी, उडवी, मी.
तो गप्प.
मग म्हणाला,
"तू होतास होय?
अरे, मी इतकी वर्षं सदा पोंक्षेला माफ करत आलो.
त्याच्या लग्नात पंगतीला बसलो.
तो गेला तेव्हा स्मशानापर्यंत चाललो, ह्या पायानं."
मग तो हसला की खोकला, कळलं नाही.
"म्हणजे तुझं आता पहिल्यापासून काढायला हवं.
थांब जरा, गिऱ्हाईक आलंय."

फोन चालूच राहिला.
मी ऐकत राहिलो :
किती प्रती? दोन्ही बाजूंनी? मागचं पान पुसट येईल, चालेल?
आणि मधे, काउंटरच्या आत, चालल्याचा आवाज,
खट् नाही, टक् नाही,
काहीतरी रबरी, नवीन.

शाल्मली शाळेचे मोजे शोधत आली,
माझ्या मांडीवरचं पुस्तक बघून थबकली.
"बाबा, परत उलटं धरलंयस."
तिनं ते फिरवून दिलं.

मी उजवीकडून उघडतो.
फळ्याजवळ नवा मुलगा उभा आहे.
तिसऱ्या रांगेत एकजण बसलाय,
त्याचे हात अजून खिशात आहेत.
फोन कानाला तसाच.
भार्गव सुटे पैसे मोजतोय.